भिंगाचा भुंगा

आमच्या परभणीबद्दल दोन म्हणी प्रसिद्ध आहेत. एक, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ आणि दुसरी, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’. पहिली परगावचे लोक सांगतात, दुसरी आम्ही सांगतो. जर्मनीचा आणि परभणीचा यमकापलीकडे काही संबंध असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. पण गेल्या उन्हाळ्यात तो सापडला. तो संबंध काचेचा आहे.

त्याचं असं झालं. मे महिन्यातल्या एका दुपारी दोन वाजता माझा भाचा घरी आला. परभणीच्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता जो माणूस दुसऱ्याच्या दारात उभा राहतो, तो एक तर वाट चुकलेला असतो किंवा त्याला जामीनदार हवा असतो. भाच्याला आमचं घर पाठ आहे. त्यामुळे मी मनाची तयारी केली.

“मामा, पतसंस्थेच्या कागदावर एक सही पायजे होती.”

हा भाचा सेलू, मानवत, जिंतूर या पट्ट्यात लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढतो. कागदासोबत कोटेशन होतं. मी बँकेत कारकून. कोटेशन दिसलं की हात आपोआप आकड्याकडे जातो. आकडा होता पंचाहत्तर हजार.

“अरे, कॅमेरा तर गेल्या वर्षीच घेतलास ना? साठ हजारांचा?”

“कॅमेरा घेतला की. ही लेन्स हाय.”

“मग त्या कॅमेऱ्याला लेन्स नव्हती?”

“होती. पण ती सोबत आलेली. सोबत आलेल्या लेन्सचं काय खरं नसतं बगा.”

धुण्याच्या पावडरीसोबत मिळालेल्या वाटीचा अनुभव असल्याने हा मुद्दा मला तत्त्वतः मान्य होता. पण साठ हजारांच्या गायीला पंचाहत्तर हजारांची घंटा, हे गणित कॉमर्सच्या पदवीधराला पचेना. शिवाय वीस वर्षं काउंटरच्या आतून मी लोकांना एकच उपदेश करत आलो आहे: बाबा रे, विष घे, पण जामीन राहू नकोस. मी आठ दिवसांची मुदत मागितली आणि लेन्स हे काय प्रकरण आहे ते वाचायला बसलो. आठ दिवसांचे दोन महिने झाले. भिंगाचा भुंगा एकदा डोक्यात शिरला की बाहेर निघत नाही.

पहिला शोध असा लागला की ‘लेन्स’ या शब्दाचा मूळ अर्थ मसूर. लॅटिनमध्ये मसुरीला ‘लेन्स’ म्हणतात. दोन्ही बाजूंनी फुगीर काच मसुरीसारखी दिसते, म्हणून तिला तेच नाव पडलं. ही माहिती मी उत्साहाने स्वयंपाकघरात कळवली. आतून उत्तर आलं, “आपल्याकडे तूर लागते. मसूर आणू नका.”

तर या मसुरीचा फोटोशी संबंध असा. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक छिद्र पाडलं, तर समोरच्या भिंतीवर बाहेरचं चित्र उलटं पडतं, हे लोकांना शेकडो वर्षांपासून ठाऊक होतं. छिद्राच्या जागी भिंग बसवलं की चित्र उजळ होतं. 1812 साली वोलास्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवलं, की साधं फुगीर भिंग बसवण्यापेक्षा एका बाजूने खोलगट नि दुसऱ्या बाजूने फुगीर असं, वाटीसारखं भिंग बसवलं तर चित्र कडेपर्यंत बरंच नीट येतं. पुढे 1839 साली पॅरिसमध्ये दागेरने चांदीच्या पत्र्यावर चित्र पक्कं करण्याची युक्ती जाहीर केली आणि फोटोग्राफीचा जन्म झाला.

जन्म झाला खरा, पण बाळ फार हळू चालत होतं. दागेरच्या कॅमेऱ्याचं भिंग इतका कमी प्रकाश आत घेई, की एका फोटोला मिनिटंच्या मिनिटं लागत. इमारतींची काही तक्रार नव्हती. इमारती हलत नाहीत, आमच्याकडच्या सरकारी कामाप्रमाणे. पण माणसाने पंधरा मिनिटं डोळ्याची पापणी न हलवता उन्हात बसायचं म्हणजे फोटो नव्हे, तपश्चर्या झाली. डोकं हलू नये म्हणून खुर्चीमागे लोखंडी चिमटा लावत. जुन्या फोटोंतली सगळी माणसं एवढी गंभीर का दिसतात, हे कोडं मला तेव्हा उलगडलं. मी समजत होतो, त्यांच्यावर संस्कार चांगले होते.

मग आला पेट्सव्हाल. जोसेफ पेट्सव्हाल, व्हिएन्नाच्या विद्यापीठातला गणिताचा प्राध्यापक. त्याने ठरवलं, की काचा घासूनपुसून बघत बसायचं नाही, आधी कागदावर हिशेब करायचा. प्रकाशाचा एकेक किरण भिंगातून कसा वाकत जाईल याची आकडेमोड करायला माणसं हवीत, तर ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातले गणित जाणणारे सैनिक त्याच्या मदतीला देण्यात आले. तोफेचा गोळा कुठे पडेल ते काढणारी मंडळी, आता प्रकाश कुठे पडेल ते काढू लागली. जगाच्या इतिहासात तोफखान्याने केलेलं इतकं निरुपद्रवी काम मला दुसरं आठवत नाही.

1840 साली हे भिंग तयार झालं. फोइग्टलेंडर या भिंगवाल्याने ते बनवून विकायला काढलं. आधीच्या भिंगांपेक्षा ते पंधरा-वीस पट जास्त प्रकाश आत घेई. मिनिटांचं काम सेकंदांवर आलं आणि माणसाचा चेहरा पहिल्यांदा माणसासारखा फोटोत उतरला. पेट्सव्हालला याबद्दल किती मिळाले? एकरकमी दोन हजार गुल्डन. विक्रीवर टक्केवारी नाही, काही नाही. फोइग्टलेंडर त्या भिंगावर श्रीमंत झाला. दोघांचं भांडण झालं ते कायमचं. 1859 साली प्राध्यापकाच्या घरी चोरी झाली आणि हस्तलिखितं गेली. 1891 साली तो वारला. करारपत्र न वाचता सही करणाऱ्यांची यादी आमच्या बँकेतही मोठी आहे, पण त्या यादीच्या शिरोभागी मी आता या प्राध्यापकाचं नाव मनातल्या मनात लिहून ठेवलं आहे.

या पेट्सव्हालच्या भिंगात एक खोड होती. मधला चेहरा असा लख्ख यायचा की मिशीचा केस मोजावा, पण कडेला सगळं भुरकट, गोल गोल फिरल्यासारखं. ही खोड लक्षात ठेवा. मला तिच्याशी पुढे हिशेब करायचा आहे.

आपल्या मुलखात ही विद्या फार लवकर आली. मुंबईला 1854 सालीच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या नामांकित फोटोग्राफरांपैकी एक होते. दुसऱ्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. त्या वर्गातून शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत फोटोचा धंदा थाटला. आमची परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. निजामाचे फोटोग्राफर होते लाला दीनदयाळ. जन्म 1844, मेरठजवळच्या सरधन्याचा, शिक्षण रुरकीचे, नोकरी इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात. म्हणजे आमच्यासारखाच नोकरदार माणूस. पण त्यांनी नोकरी सोडली आणि सहाव्या निजामाने त्यांना ‘राजा’ केलं. आम्ही नोकरी सोडली तर घरच्यांनी काय केलं असतं, तो विचार इथे अप्रस्तुत आहे. 1892 साली त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला. आत पुरुषाला मज्जाव, फोटो काढायला बाईच. ज्यांच्याकडे कोणी बघायचं नाही त्यांनाही आपला फोटो असावा असं वाटतं, ही गोष्ट त्या माणसाला कळली होती. हेही लक्षात ठेवा.

मग भिंगासमोरची चित्रं हलू लागली. 1896 च्या जुलैत मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा खेळ झाला. त्या नव्या करामतीने हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा भारावले. हे स्वतः फोटोग्राफर. त्यांनी लंडनहून एकवीस गिनीला कॅमेरा मागवला आणि 1899 साली हँगिंग गार्डनमध्ये दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली. फिल्म धुवायला लंडनला पाठवली. कुस्ती मुंबईत आणि निकाल बोटीने.

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट तर भिंगांचीच आहे. जन्म 1870, त्र्यंबकेश्वर. बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकले. पुढे चित्रपटाच्या ध्यासाने रात्रंदिवस डोळे शिणवले आणि दृष्टीच जाऊ लागली. डॉ. प्रभाकर नावाच्या नेत्रवैद्यांनी औषधोपचार केले, निरनिराळे चष्मे दिले आणि डोळे वाचवले. म्हणजे भारतीय चित्रपटाचं पहिलं भिंग कॅमेऱ्याचं नव्हे, चष्म्याचं. (मलाही नुकतीच चाळिशी लागली आहे, दोन्ही अर्थांनी. त्यामुळे हा प्रसंग मी जरा आपुलकीने वाचला.) मग दादासाहेबांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, 1912 साली लंडन गाठलं आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला. आता या धंद्यासाठी भांडवल हवं होतं. बँकेच्या भाषेत विचाराल तर अशा कर्जाला आम्ही नकारच दिला असता. अनुभव शून्य, तारण संपलेलं, धंदा देशात कोणी केलेला नाही. दादासाहेबांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्यासमोर कॅमेरा ठेवला. महिनाभर थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर बघता बघता वाटाणा फुटला, वाढला, वेल झाला. पैसे लावणाऱ्याने ते पाहिलं आणि पैसे मिळाले. 3 मे 1913 रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. मी प्रोजेक्ट रिपोर्टांचे ढीग पाहिले आहेत, पण वाटाण्याच्या वेलाइतका चोख रिपोर्ट पाहिला नाही. भाच्याच्या कागदाकडे मी तेव्हापासून जरा मऊ नजरेने बघू लागलो.

आता जर्मनी. पेट्सव्हालनंतर पन्नास वर्षं भिंगवाले एका जागी अडून बसले होते, कारण काचच हवी तशी मिळत नव्हती. येना नावाच्या गावात झाइसच्या कारखान्यात अ‍ॅबे नावाचा प्राध्यापक होता. त्याने ऑटो शॉट या काचतज्ज्ञाला हाताशी धरलं आणि 1884 साली येनात काचेची भट्टी उभी राहिली. बेरियम, बोरॉन असल्या नाना चिजा घालून त्यांनी नव्या जातीच्या काचा ओतल्या. त्या काचा वापरून पॉल रुडॉल्फ याने 1890 साली प्रोटार आणि 1902 साली टेसार ही भिंगं केली. कडेपर्यंत स्वच्छ. मध्यंतरी 1893 साली यॉर्कच्या डेनिस टेलर नावाच्या इंग्रजाने नुसत्या तीन काचांत हे साधून दाखवलं. मध्ये एक खोलगट, दोन बाजूंना दोन फुगीर. नवरा-बायकोच्या मध्ये सासू असावी तशी रचना, पण इथे मधल्यामुळे दोघांचे दोष झाकले जातात. आणि या अ‍ॅबेसाहेबांनी 1900 साली कारखान्यात आठ तासांचा दिवस केला, शिवाय पगारी रजा आणि पेन्शन. येनाची काच इतकी स्वच्छ का, ते मला इथे कळलं. पेन्शनचा भरवसा असला की माणूस नीट घासतो.

एवढं वाचून झाल्यावर मी भाच्याला बोलावलं आणि त्याची परीक्षा घेतली. म्हटलं, “ही पंचाऐंशी मिलिमीटरची लेन्सच कशाला? जी आहे तिनेच जवळ जाऊन काढ.”

त्याने मला उभं केलं. आधी जवळच्या लेन्सने, म्हणजे चोवीसच्या, दीड फुटावरून माझा फोटो काढला. फोटोत आधी माझं नाक आलं होतं आणि त्याच्या मागून, यथावकाश, मी. मग मित्राकडून मागून आणलेल्या पंचाऐंशीने नऊ-दहा फुटांवरून काढला. त्यात मी बराच बरा दिसत होतो. त्याने सांगितलं, की नाकाचा दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. जवळून पाहिलं की जे पुढे असतं तेच फार मोठं दिसतं. लांबची लेन्स नुसती आपल्याला लांब उभं राहायची सोय करते. नातेवाईकांच्या बाबतीत हे सूत्र मला अनुभवाने ठाऊक होतं, त्याला शास्त्राधार आहे हे ठाऊक नव्हतं.

“आणि व्हिडिओला?”

“व्हिडिओला तर लईच कामाची. फोटोत अंधार पडला तर शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवता येतं. व्हिडिओत ते जमत नाही. आपली वीज पन्नासची. म्हणून शटर सेकंदाच्या पन्नासाव्या नाही तर शंभराव्या भागावरच ठेवावं लागतं, नाही तर मांडवातले लाइट लपलप करतात. मग उजेड आत यायचा तर लेन्सचं तोंडच मोठं पायजे. आन् दिवसा आपल्या उन्हात उलटं. तवा लेन्सवर काळी काच लावायची.”

तोंड मोठं असलं की उजेड भरपूर, पण एक अडचण: नवरीच्या पापण्या स्पष्ट आणि नथ धूसर. फोटोत ते खपतं, व्हिडिओत नवरी हलली की सगळंच निसटतं. म्हणून शहाणा माणूस मोठं तोंड विकत घेतो आणि बरंचसं मिटून ठेवतो. हेही सूत्र घरोघरी लागू आहे. आणि लांबच्या लेन्सची ताकद पाहायची तर प्रभातचा 1934 सालचा ‘अमृतमंथन’ पाहावा. शांतारामबापूंनी टेलिफोटो लेन्सने पुरोहित झालेल्या चंद्रमोहनचा एक डोळा पडदाभर दाखवला. नव्वद वर्षं झाली, लोक अजून त्या डोळ्याबद्दल बोलतात.

घसाऱ्याचा मुद्दाही निघाला. भाचा म्हणाला, कॅमेरा चार-पाच वर्षांत जुना होतो, चांगली लेन्स वीस-तीस वर्षं चालते, फक्त पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून डब्यात सिलिकाच्या पुड्या टाकून ठेवायच्या. म्हणजे गाय कॅमेरा नव्हेच. गाय लेन्स आहे आणि घंटा कॅमेरा. माझं गणित पहिल्यापासून उलटं होतं.

तरी सही राहिली होती. ती झाली वेगळ्याच कारणाने.

बोलता बोलता भाच्याने फोनवर एका परदेशी लेन्सची जाहिरात दाखवली. पितळेची, जुन्या घाटाची. नाव पेट्सव्हाल. 2013 पासून ती पुन्हा बनवायला लागले आहेत. मधला चेहरा लख्ख आणि कडेचं जग गोल गोल फिरणारं. “लोकं मुद्दाम घेतात मामा. कडा अशा धूसर आल्या की फोटो कसा स्वप्नातल्यावानी वाटतो.”

मी काही बोललो नाही. उठलो आणि कपाटातून एक फोटो काढून त्याच्यासमोर ठेवला.

माझ्या मामाच्या लग्नातला ग्रुप फोटो. साल 1986. सेलूजवळच्या आमच्या आजोळच्या अंगणात काढलेला. नात्यातल्या एका हौशी गृहस्थांनी डबा कॅमेऱ्याने काढला. फिल्म बारा फोटोंची, त्यामुळे ग्रुपच्या वाट्याला एकच. तीस माणसं, भिंतीला समांतर, कवायतीसारखी सरळ ओळ. मध्यभागी नवरा-नवरी. त्यांच्या पायाशी कोणाच्या तरी मांडीवर मी, वय वर्षं तीन, शेंबडासकट सुस्पष्ट. आणि अगदी उजव्या टोकाला, दाराच्या चौकटीला टेकून, पदराला हात पुसत नुकतीच स्वयंपाकघरातून आलेली एक बाई. चेहरा नाही. चेहऱ्याच्या जागी एक फिकट डाग.

ती माझी आई. नवऱ्या मुलाची थोरली बहीण. खरं तर मध्यभागी मान तिचा.

आई 2004 साली गेली. तिचे फोटो मुळातच कमी. ओळखपत्रावर एक आहे, पण त्यावरून तिची ओळख तिलाही पटली नसती. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून मी हा ग्रुप फोटो घेऊन स्टुडिओत गेलो होतो. फोटोवाल्याने भिंगातून निरखून पाहिलं आणि फोटो परत दिला. म्हणाला, “साहेब, मोठा करून देतो. पण जे आत आलंच नाही, ते बाहेर कसं काढू?”

गेल्या वर्षी भाच्यानेच कॉम्प्युटरवर प्रयत्न केला होता. हल्ली कॉम्प्युटर धूसर चेहरा साफ करून देतो म्हणे. दिला. सुंदर, नाकी-डोळी नीटस, साबणाच्या जाहिरातीत शोभेल अशी बाई निघाली. माझ्या बहिणीने क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, “छान आहे. पण कोण आहे ही?”

दोन महिन्यांच्या वाचनानंतर आता मला त्या डागाचं कारण समजलं होतं. डबा कॅमेऱ्यात एकच साधं भिंग. वोलास्टनचं, 1812 सालचं. साध्या भिंगाचं चित्र सपाट पडत नाही, कढईच्या बुडासारखं वाकून पडतं. फिल्म मात्र ताटासारखी सपाट. कढईचं बूड ताटाला मध्यभागी टेकतं, कडा अधांतरी राहतात. मधली माणसं टेकली, आई अधांतरी राहिली. हा वाकण्याचा नियमही पेट्सव्हालनेच मांडला आहे. काही डबा कॅमेऱ्यांत यावर तोड म्हणून फिल्मच वाकवून बसवत. आणि जुने धंदेवाईक फोटोग्राफर तर त्याहून हुशार. ते ग्रुपला सरळ उभं करतच नसत. अर्धगोलात बसवत, टोकाची माणसं कॅमेऱ्याकडे थोडी पुढे घेऊन. टोकाचा माणूस पुढे आला की त्याचं चित्र बरोबर फिल्मवर जाऊन टेकतं.

म्हणजे आई दोन पावलं पुढे येऊन उभी राहिली असती, तर आज मला तिचा चेहरा असता.

पण ती कधी पुढे आली नाही. पुढे यायचं असतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि तिने कोणाला विचारलं नव्हतं. सगळा दोष भिंगावर ढकलणं मला काही जमेना. भिंगाने फक्त घरात जे होतं तेच फिल्मवर लिहून ठेवलं: मधले स्पष्ट, कडेचे पुसट.

भाचा बराच वेळ फोटो बघत होता. त्याने आजीला पाहिलेलं नाही. मग म्हणाला, “मामा, या पंचाऐंशीनं ग्रुप नाही निघत. ग्रुपला पस्तीसची लागती. कडेपर्यंत साफ येणारी. दोन्ही मिळून जरा जास्त पैसे होतील.”

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाने अशा वेळी काय करायचं असतं ते मला ठाऊक आहे. मी बरोबर त्याच्या उलट केलं. सही केली, तीही दोन्ही लेन्सच्या कागदावर. पण एक अट घातली, तोंडी. ग्रुप फोटोच्या आधी स्वयंपाकघरात जायचं आणि आत कोण राहिलंय ते बघायचं. त्यांना बाहेर आणायचं, टोकाला उभं राहू पाहतील तर राहू द्यायचं, पण दोन पावलं पुढे घ्यायचं. नव्या लेन्सला त्याची गरज नाही, हे त्यानेच मला समजावून सांगितलं. मी म्हटलं, लेन्सला नसेल.

डिसेंबरात घरातलंच एक लग्न निघालं. गंगाखेडला. भाच्याने अट पाळली. हॉल अरुंद, माणसं साठ, पस्तीसची लेन्स, तोंड बरंच मिटलेलं, सगळी मंडळी अर्धगोलात. “कडेच्या मावशी, पुढं या. आत्या, तुमीबी. आजून दोन पावलं.” असा त्याचा आवाज सारखा चालू होता. मधली मंडळी, म्हणजे ज्यांना मध्येच उभं राहायची सवय आहे ती, थोडी नाराज होती.

फोटो आला तेव्हा मी चाळिशी चढवून आधी उजवं टोक पाहिलं. तिथे आमची ही उभी होती. पदर खोचलेला, कोणाला तरी काहीतरी सांगताना तोंड अर्धवट उघडं, कपाळावर घामाचे थेंब. मोजता येतील इतके स्पष्ट. कानाजवळचे पांढरे केस सुटे सुटे. गळ्यातल्या काळ्या मण्यांतला एक मणी बदललेला आहे, हे लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर मला त्या दिवशी कळलं.

मी फोटो तिच्यासमोर धरला आणि येनाच्या काचेबद्दल दोन शब्द बोलण्याच्या तयारीत होतो.

तिने एक नजर टाकली आणि म्हणाली, “पंचाहत्तर हजार देऊन पांढरे केस दाखवायला कोणी सांगितलं होतं?”

वरच्या दुसऱ्या लेन्सचे पैसे किती झाले, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.